चालता न येणारी बाई

मला चालता येतं. हे आधीच सांगून टाकते, कारण चार वर्षं दिल्लीच्या आणि पुण्याच्या विमानतळावर मी चालू न शकणारी बाई होते, आणि तसं लिहून देणारे माझे स्वतःचे दोन मुलगे होते. वय त्र्याहत्तर. गुडघे कुरकुरतात, दोन जिने चढले की थोडा दम लागतो, बाकी पाय ठणठणीत. गुडगावला थोरल्याकडे असताना रोज सकाळी सहाला मी सोसायटीच्या आवारात पाच फेऱ्या मारत असे. घरातली सगळी तेव्हा झोपलेली असत, त्यामुळे ते कुणी पाहिलं नाही.

हे लिहिताना मला राग आलेला आहे आणि तो मी झाकणार नाही. पहाडगंजातल्या मराठी शाळेत मी तीस वर्षं चौथीला शिकवलं. पोटात दुखत होतं म्हणून चिठ्ठी यायची, खाली वडलांची सही, आणि तेच मूल मला त्या दिवशी करोल बागेत आईचं बोट धरून आलू टिक्की खाताना दिसलेलं असायचं. मी मुलांना रागावत नसे. मी आईवडलांना बोलावून घ्यायचे आणि ती चिठ्ठी त्यांच्यासमोर मोठ्यांदा वाचायचे. दोन-तीन पालक माझ्यावर कायमचे रुसले. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं आणि निवृत्तीच्या तोंडावर आम्ही दिल्लीतल्याच द्वारका भागातल्या एका सोसायटीत दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, दुसऱ्या मजल्यावर. स्वतःचं म्हणावं असं घर ते एकच. बाल्कनीत उभं राहिलं की उतरणारी विमानं इतकी खाली येतात की चाकं मोजता येतात. यजमान गेल्यावर मी तिथं पाच वर्षं एकटी राहिले आणि मजेत राहिले. मग एकदा जिन्यात पाय मुरगळला, घोट्याला प्लॅस्टर बसलं, आणि थोरला मला गुडगावला घेऊन गेला. महिनाभराचाच प्रश्न आहे, असं तो म्हणाला होता. त्या महिन्याची चार वर्षं झाली.

धाकटा पुण्यात असतो. आईची जबाबदारी दोघांवर सारखी पडावी म्हणून सहा महिने इथं आणि सहा महिने तिथं, असं दोघा भावांनी फोनवर ठरवलं. सुनांना विचारलं. मला ठरल्यावर सांगितलं. पहिल्या खेपेला प्लॅस्टर नुकतंच निघालेलं होतं, पाय टेकला की कळ यायची, तेव्हा विमानतळावर व्हीलचेअर सांगितली ते योग्यच होतं. दुसऱ्या खेपेला मी म्हटलं, आता कशाला? तर थोरली सून म्हणाली, "आई, फ्री असते हो ती. लाइन नाही लागत, विमानात पण पहिले नेऊन बसवतात. सगळेच घेतात."

सगळेच घेतात हे खरं होतं. एक नंबरच्या टर्मिनलला सकाळच्या वेळी जाऊन पाहा. इंदूर, पाटणा, नागपूर, पुणे, सगळीकडचे आईबाप खुर्च्यांमध्ये बसवून रांगेनं उभे केलेले असतात. त्यातल्या निम्म्यांना तरी चालता येतं. एकदा माझ्या शेजारच्या बाई मध्येच उठल्या, तरातरा जाऊन कॉफी घेऊन आल्या आणि परत खुर्चीत बसून पाय फूटरेस्टवर ठेवले. मुलांची सोय होते ही खरी गोष्ट. दारात आई सोपवायची, तिकडे दारात दुसऱ्यानं ताब्यात घ्यायची, कुणाला रजा टाकावी लागत नाही की तिकिटाचा जास्तीचा खर्च नाही. आणि मीही तेव्हा हो म्हटलं. रांगेत उभं राहायला नको, बॅग उचलायला नको, हे मलाही आवडलं होतं. त्या एका सोयीसाठी मी गप्प बसले, हा माझा गुन्हा, आणि तो मी इथं कबूल करून ठेवते.

पण मी गप्प बसले आणि माझी भाषाच बदलली. म्हणजे माझ्याबद्दलची. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर थोरला लिहायचा, "आई हँडओव्हर झाली", आणि खाली खुर्चीतला माझा फोटो. चार-साडेचार तासांनी पुण्याहून "रिसीव्ह्ड" आणि एक अंगठा. विमानतळावरची माणसं माझ्या डोक्यावरून बोलायची. माताजी खाना खा लेंगी? माताजी को बाथरूम जाना है? हे प्रश्न मुलाला विचारलेले असायचे, तो नसला तर खुर्ची ढकलणाऱ्याला. मला उत्तर येत असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही.

गेल्या वर्षी तपासणीच्या पडद्याआड बाईहवालदारानं मला उठायला सांगितलं. मी उठले. हात पसरले, वळले, परत बसायला लागले. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चल तो लेती हो माताजी." आवाजात राग नव्हता, जरा हसूच होतं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ खुर्ची रिकामी होण्याची वाट बघत भिंतीला टेकून उभे होते. त्यांना खरोखर धाप लागलेली होती. मी मान खाली घातली. खोट्या चिठ्ठ्या मोठ्यांदा वाचणारी मी, आणि आता माझ्याच गळ्यात एक चिठ्ठी अडकवलेली. पुण्याला पोचेपर्यंत मी पाण्याचा घोटही घेतला नाही.

तरीही मी कदाचित तशीच येत-जात राहिले असते. पण गेल्या दिवाळीनंतर एका रात्री जेवताना थोरल्यानं सांगितलं की द्वारकेचा फ्लॅट विकायचा आहे. विचारलं नाही, सांगितलं. गिऱ्हाईक तयार होतं. मी पुण्याला जाणारच होते, तर तिथं धाकट्याच्या ओळखीच्या वकिलाकडे पॉवर ऑफ अटर्नीवर सही करायची, म्हणजे पुढचं सगळं दोघं बघतील. बुधवारी अकराची वेळ घेतलेली होती. मी म्हटलं, मला तिथं राहायला जायचंय. त्यानं वरणाची वाटी खाली ठेवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "आई, प्रॅक्टिकली बघ ना. तुला चालता येत नाही. एकटी कशी राहणार तू?"

 रांग चुकवायला केलेलं ढोंग माझं घर घ्यायला वापरलं जात होतं, आणि वापरणाऱ्याचा चेहरा अगदी प्रामाणिक होता. सोसायटीच्या सेक्रेटरीलाही त्यानं तेच सांगून ठेवलं होतं, की आई आता व्हीलचेअरवर असते. मला चालता येतं, हे मी त्या वेळी टेबलावरून उठून दाखवू शकले असते. नाही दाखवलं. तेवढ्यानं माझं समाधान झालं नसतं. मला दोघांना चांगली अद्दल घडवायची होती, आणि तीही चारचौघांत.

पुढचे दोन दिवस मी फार गुणी बाईसारखी वागले. सुनेनं पुण्याच्या जावेसाठी दिलेल्या रजया आणि सुका मेवा सुटकेसमध्ये नीट भरला. फ्लॅटच्या मूळ कागदांची फाइल थोरल्यानं स्वतः माझ्या हातात दिली आणि बजावलं की ही सुटकेसमध्ये टाकू नकोस, हातातच ठेव. मी म्हटलं, हो बाळा, हातातच ठेवते. किल्ली माझ्या पर्समध्ये होतीच. मंगळवारी सकाळी त्यानं मला गाडीत घातलं. द्वारकेवरूनच रस्ता जातो. दोन मिनिटं थांबूया का, असं मी विचारलं, तर म्हणाला, आई यार, उशीर होतोय. मी बरं म्हटलं. थांबला असता तर माझा बेत डळमळला असता, हे मला ठाऊक आहे.

टर्मिनलच्या दाराशी खुर्ची आली. ढकलणारे गृहस्थ पन्नाशीचे, कमरेला पट्टा बांधलेला. थोरल्यानं माझं आधार कार्ड आणि तिकीट माझ्या हातात न देता त्यांच्या हातात दिलं, "चल नहीं पातीं, ध्यान रखिएगा" असं सांगितलं, माझा फोटो काढला, वाकून नमस्कार केला आणि गाडी हलवायला पळाला. बिनतिकिटाच्या माणसाला आत सोडत नाहीत. दार ओलांडलं की मी एकटीच असते, हा विचार चार वर्षांत मला एकदाही सुचला नव्हता. त्या दोन दिवसांत तोच माझ्या सगळ्या बेताचा पाया झाला.

सुटकेस काउंटरवर दिली, तपासणी झाली, आणि खुर्ची पुण्याच्या गेटपाशी इतर खुर्च्यांच्या रांगेत लावली गेली. विमान सुटायला सव्वा तास होता. ऐन वेळी उठले असते तर माझी सुटकेस शोधून उतरवण्यात सगळं विमान खोळंबलं असतं, आणि माझं वैर दोन माणसांशी होतं, विमानभर लोकांशी नव्हतं. मी फूटरेस्ट वर केला आणि उठले. कंबरपट्टेवाले गृहस्थ धावत आले. मी पडेन असं तुम्हाला वाटतंय का, असं मी त्यांना हिंदीत विचारलं. ते बाजूला झाले. मी गेटवरच्या मुलीपाशी गेले आणि सांगितलं की मला प्रवास करायचा नाही, घरी जायचंय.

तिनं आधी माझ्या मागं कोणी आहे का ते पाहिलं. मग वरिष्ठांना बोलावलं. त्या बाई शहाण्या होत्या. त्यांनी मला तब्येत बरी नाही का, घरी फोन लावू का, असं विचारलं. मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे, फोन नको, माझं तिकीट आहे आणि मी सज्ञान आहे. मग रीतसर सगळं झालं. बोर्डिंग पास रद्द केला, सुटकेस परत मागवली, आणि एक मुलगी मला उलट्या वाटेनं बाहेर सोडायला निघाली. खुर्च्यांची सगळी रांग माझ्याकडे बघत होती. एका आजोबांनी हात वर केला. मी ताठ चालले, मुद्दाम जरा जोरातच.

दारावरच्या जवानानं रजिस्टर उघडलं. आत गेलेला माणूस उलटा बाहेर पडतो तेव्हा नोंद करावी लागते. त्यानं कारण विचारलं. मी सांगितलं, "अपने घर जा रही हूँ." त्यानं ते तसंच लिहिलं आणि रजिस्टर माझ्याकडे वळवलं. मी पूर्ण नाव घालून सही केली. मुलांना सही हवी होती ती वकिलाच्या कागदावर, मी ती इथं केली, आणि करताना मला इतका आनंद झाला की पेन परत द्यायचंच विसरले. त्यानंच ते मागून घेतलं.

मेट्रोचं स्टेशन तिथंच आहे. फोन बंद केला, सुटकेस ओढत खाली उतरले, तीन स्टेशनं गेले, मग ई-रिक्षा केली. साडेदहाच्या आत मी माझ्या दुसऱ्या मजल्यावर होते. सुटकेस चढवताना दोनदा थांबले, नाही म्हणत नाही. घरात बोटभर धूळ होती. मी खिडक्या उघडल्या, गॅसचं बटण फिरवून पाहिलं, एक खुर्ची पुसून बाल्कनीत ठेवली आणि वाट बघत बसले. विमान पुण्याला बाराला पोचणार होतं. धाकटा दाराशी उभा असेल, एकेक खुर्ची बाहेर येईल, दुसऱ्यांच्या आया येतील, आणि मग कोणी येणार नाही. हे चित्र मी दीड तास मिटक्या मारत बघत होते.

साडेबाराला फोन चालू केला. ग्रुपवर सकाळचा माझा फोटो होता, "हँडओव्हर झाली". मग धाकट्याचं "लँड झालं, वेट करतोय". मग "आई कुठाय?" मग "भैया फोन उचल." त्यापुढं दोघांचं एकमेकांशी भांडण होतं, तू नीट सोडलं नाहीस, तू नीट बघितलं नाहीस. मी सगळं दोनदा वाचलं आणि फोन परत बंद केला. आणखी अर्धा तास त्यांना तसंच लोंबकळत ठेवलं. तो अर्धा तास शुद्ध सूडाचा होता आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

एक वाजता फोन चालू करताच धाकट्याचा कॉल आला. तोवर त्यांना कळलेलं होतं की मी माझ्या पायांनी बाहेर पडले, हे मान्य. तरी मला वाटलं होतं की पहिला प्रश्न कुठे आहेस हा असेल. तो म्हणाला, "आई, उद्या अकराची अपॉइंटमेंट आहे. आता मी वकिलाला काय सांगू?"

मी त्याला म्हटलं की वकिलाला सांग, आई मेलेली नाही. आणि फोन ठेवला.  मला त्याला दुखवायचं होतं, आणि त्याच्या त्या प्रश्नानं दुखावले मीच. तो पुढं सहा महिने माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही.

दीडला दारावर थाप पडली. थोरला होता, घामाघूम. विमान कंपनीला फोन करून त्यानं आकाशपाताळ एक केलं होतं. माझी आई चालू शकत नाही, तुम्ही तिला कुठं हरवलंत, असं तो ओरडत होता, आणि तिकडची मुलगी शांतपणे म्हणत होती, सर, वो चलकर गई हैं, अपने घर, सूटकेस भी ख़ुद खींच रही थीं. ऑफिसातली सगळी माणसं ऐकत होती म्हणे. हे तो मला सांगत होता तेव्हा मी हसू दाबायचा प्रयत्नही केला नाही. मला अगदी हवं होतं तेच झालं होतं.

मग तो जिन्याकडे बघून म्हणाला, "पण तू वर कशी आलीस?" आणि त्याचा चेहरा बघून माझं हसू गेलं. तो मला खोटं पाडत नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं. चार वर्षं दर सहा महिन्यांनी चल नहीं पातीं असं सांगता सांगता त्याला ते पटून गेलं होतं. एकाच घरात राहून माझे पाय त्यानं पाहिलेच नव्हते. खोटं बोलला असता तर मी त्याला शिक्षा करू शकले असते.

घरात दूध नव्हतं. मी पिशवी घेतली. तो म्हणाला, गाडीनं जाऊ. मी म्हटलं, दुधाचा बूथ इथंच तर आहे, चालत जाऊ. खाली उतरलो. मी पुढं, तो मागं. मी मुद्दाम भरभर चालत होते आणि चालता चालता सांगत होते, की फ्लॅट विकला जाणार नाही, फाइल माझ्याकडेच राहील, पुण्याला मला यावंसं वाटलं तर मी माझं तिकीट काढीन. तो मागं पडायला लागला. पन्नाशीचा माणूस, सगळा दिवस खुर्चीत बसणारा, पोट सुटलेलं. पार्कच्या कोपऱ्यावर तो कट्ट्यावर बसला आणि पाच मिनिटं दे म्हणाला.

मी उभी राहिले, बसले नाही. तो खाली बघत म्हणाला, "आई, तू इतकी चालतेस हे मला कधी कळलंच नाही."

"तू कधी बरोबर आलाच नाहीस," मी म्हटलं.

तो तसाच बसून राहिला. मी एकटी बूथवर गेले, दूध घेतलं, परत आले. तो अजून तिथंच होता. मी न थांबता त्याच्यासमोरून पुढं गेले, सोसायटीच्या दाराकडे. मागं वळून एकदाही पाहिलं नाही. तो उठून येतोय की नाही, एवढं मात्र कान देऊन ऐकत राहिले.